खांबावरची ओळ आणि भिंतीवरचे चित्र

आजचा धडा एका देवळाचा आहे. हे देऊळ आपल्या देशातले नाही. ते युरोपात, स्पेन देशात, उंच डोंगरातल्या एका लहानशा गावात आहे. ख्रिस्ती लोकांचे देऊळ, म्हणजे चर्च. त्याला ९०० वर्षे होऊन गेली. एवढे जुने देऊळ कोणत्या साली बांधून झाले, ते आपल्याला वर्ष, महिना आणि तारखेसकट ठाऊक आहे. कसे? कुणीतरी खांबावर चार ओळी लिहून ठेवल्या म्हणून. त्या ओळींची, आणि त्याच देवळातून काढून दूर नेलेल्या एका चित्राची ही हकिगत आहे. सावकाश वाचा. परकी नावे अडली तर दोनदा वाचा.

१. गाव कुठे आहे

फ्रान्स आणि स्पेन या दोन देशांच्या मधे एक मोठी डोंगररांग आहे. तिला पिरेनीज म्हणतात. या रांगेच्या दक्षिण अंगाला, स्पेनच्या बाजूला, कॅटलोनिया नावाचा मुलूख आहे. तिथल्या लोकांची भाषा कॅटलान. या मुलखाच्या उत्तर टोकाला डोंगराच्या कुशीत एक अरुंद खोरे आहे. त्याचे नाव बोई खोरे. खोऱ्यात लहान लहान गावे आहेत. त्यांतलेच एक ताऊल.

ताऊल समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून उंच आणि कळसूबाईच्या शिखराहून थोडे खाली. पण आपल्याकडे एवढ्या उंचीवर पाऊस आणि धुके, तर तिथे हिवाळ्यात बर्फ. जुन्या काळी इथले लोक गुरे आणि मेंढ्या पाळत. उन्हाळ्यात जनावरे वरच्या कुरणांत न्यायची, थंडी आली की खाली आणायची. जमीन थोडी, उतार फार. अशा गावात पैसा तो किती असणार?

तरीही या एका खोऱ्यात जुनी, दगडी, देखणी देवळे एक-दोन नव्हेत, नऊ आहेत. एकट्या ताऊल गावात दोन मोठी देवळे आहेत. त्यांतले संत क्लेमेंटचे देऊळ सर्वांत प्रसिद्ध. तिथले लोक त्याला ‘सांत क्लिमेंट’ म्हणतात. क्लेमेंट हा पहिल्या शतकाच्या अखेरीस रोम शहरात ख्रिस्ती लोकांचा प्रमुख धर्मगुरू होता. त्याच्या गळ्यात जहाजाचा नांगर बांधून त्याला समुद्रात टाकले, अशी त्या लोकांची परंपरागत कथा आहे.

२. खांबावरची ओळ

देवळात शिरल्यावर दोन्ही बाजूंना दगडी गोल खांब आहेत. त्यांतल्या एका खांबावर गिलावा देऊन लॅटिन भाषेत मजकूर रंगवलेला होता. लॅटिन ही त्या काळची तिथली धर्माची आणि कागदपत्रांची भाषा. त्या मजकुराचा अर्थ थोडक्यात असा: ख्रिस्तजन्मानंतरच्या ११२३ साली, डिसेंबर महिन्याच्या १० तारखेस, बार्बास्त्रोचा बिशप रामोन इथे आला. त्याने हुतात्मा संत क्लेमेंटच्या नावे हे देऊळ देवाला अर्पण केले. आणि संत कॉर्नेलियसचे पवित्र अवशेष वेदीत ठेवले.

बिशप म्हणजे एका मोठ्या भागातल्या सर्व चर्चांवरचा मुख्य धर्मगुरू. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, याच बिशपने गावातले दुसरे देऊळ, मेरीमातेचे, अर्पण केले. डिसेंबर म्हणजे तिथे कडाक्याची थंडी. तरी तो एवढा डोंगर चढून आला आणि दोन दिवसांत दोन देवळे अर्पण करून गेला.

आता विचार करा. खोऱ्यातली इतर देवळेही त्याच शतकांतली आहेत. पण ती नेमकी कधी झाली, ते विद्वानांना दगडाच्या घडणीवरून अंदाजाने सांगावे लागते. कुणी म्हणतो पन्नास वर्षे अलीकडे, कुणी म्हणतो पन्नास वर्षे पलीकडे. संत क्लेमेंटच्या देवळाबद्दल हा वाद नाही. चार ओळींनी तो मिटवला. आणि त्या काळच्या युरोपातल्या इतर चित्रांचे वय ठरवतानाही जाणकार लोक या ११२३ सालाचा आधार घेतात. एखादा खुंटा पक्का असला की त्याला धरून बाकीचे माप घेता येते, तसेच हे.

लिहिणे आणि वाचणे याचे मोल यापेक्षा निराळे काय सांगावे?

३. पैसा कुठून आला

एवढ्या लहान खोऱ्यात एवढे बांधकाम झाले, त्याला खर्च कुणी केला? त्या काळी या खोऱ्यावर एरिल नावाच्या सरदार घराण्याचा अंमल होता. स्पेनच्या मोठ्या भागावर तेव्हा मुसलमान राजांचे राज्य होते आणि उत्तरेकडचे ख्रिस्ती राजे त्यांच्याशी लढत होते. आरागॉनचा राजा पहिला आल्फोन्सो याने १११८ साली सारागोसा हे मोठे शहर जिंकले. एरिल घराणे या राजाच्या बाजूने मोहिमांत होते. त्या लढायांतून जी दौलत मिळाली, तिचा काही भाग या देवळांवर खर्च झाला, असे इतिहासकार मानतात.

म्हणजे देवळाच्या इतिहासात भक्ती आहे, तशी लढाईही आहे. चित्रे सुंदर आहेत म्हणून पैसा कुठून आला हे विसरायचे नसते. आणि पैसा लढाईचा होता म्हणून गवंड्याचे आणि चिताऱ्याचे कसब कमी होत नाही. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

४. देऊळ कसे बांधले

आता बांधणी पाहू. देऊळ लांबट, पूर्व-पश्चिम आहे. गोल खांबांच्या दोन रांगा लांबीने जातात, त्यामुळे आतल्या जागेचे तीन भाग पडतात. मधला भाग रुंद आणि उंच, बाजूचे दोन अरुंद. तीनखणी घर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल.

पूर्वेच्या टोकाला प्रत्येक भागाचा शेवट अर्ध्या गोलात होतो. म्हणजे तीन भाग आणि तीन अर्धगोल. मधला सर्वांत मोठा. तिथे वेदी असते. आपण त्याला अर्धगोल गाभारा म्हणू. वरचे छतही अर्ध्या घुमटासारखे. सूर्य उगवतो त्या बाजूला तोंड करून प्रार्थना करायची, म्हणून वेदी पूर्वेला.

भिंती तिथल्याच डोंगरातल्या दगडाच्या. पाथरवटांनी दगड फार मोठे घेतले नाहीत. एका माणसाला उचलता येतील, चुन्यात बसवता येतील असे चिरे घडवले आणि एकावर एक सरळ थर लावले.

छप्पर मात्र लाकडाचे. हे का बघा. त्या काळी युरोपात मोठ्या देवळांना दगडी कमानीचे छत घालत. पण दगडी छताचे वजन फार. ते नुसते खाली दाबत नाही, भिंतींना बाहेरही ढकलते. मग भिंती जाड कराव्या लागतात आणि खांबही जाड लागतात. लाकडी तुळया आणि वासे हलके. त्यांच्यामुळे भिंती बेताच्या जाडीच्या चालतात आणि खांब सडपातळ राहतात. डोंगरात लाकूड जवळच मिळते. छप्पर दोन बाजूंना उतरते केले आहे, म्हणजे बर्फ त्यावर साचून राहत नाही. आणि त्यावर घातल्या आहेत दगडी पाट्या. शाळेत ज्या दगडी पाटीवर आपण अक्षरे गिरवली, त्याच जातीचा हा दगड. त्याचे पातळ पापुद्रे निघतात आणि पाणी आत झिरपत नाही.

बाहेरून भिंत पाहिली तर वरच्या कडेला लहान लहान कमानींची ओळ दिसते. या कमानी उघड्या नाहीत, भिंतीतच उठवलेल्या आहेत. मधून मधून भिंतीला उभ्या दगडी पट्ट्या दिल्या आहेत. त्यांनी भिंतीला थोडा जोर येतो आणि शोभाही येते. ही पद्धत मूळची इटलीच्या उत्तर भागातली, लोंबार्डी प्रांतातली. तिथले गवंडी कामासाठी गावोगाव हिंडत. त्यांच्याबरोबर ही रीत डोंगर ओलांडून इकडे आली. साधा दगड, साधी कमान, पण हिशेब चोख. सगळ्या अलंकाराचा खर्च बहुधा काही जास्तीच्या चिऱ्यांचाच.

५. घंटेचा मनोरा

देवळाच्या आग्नेय कोपऱ्याला एक चौकोनी मनोरा आहे. खालचा भरीव पाया धरला नाही, तरी त्याला सहा मजले आहेत. मजल्यामजल्यावर कमानदार खिडक्या आहेत. बहुतेक ठिकाणी खिडक्या जोडीने आहेत आणि दोहोंच्या मधे बारीक दगडी खांब. वर जाताना भिंत अशी मोकळी होत गेल्यामुळे वजन कमी होते आणि घंटेचा आवाज चारी दिशांना जातो.

मनोरा एवढा उंच का? घंटा दूर ऐकू जावी, हे एक कारण. दुसरे असे सांगतात की खोऱ्यातले मनोरे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवले होते. एका गावावर संकट आले तर खूण पुढच्या गावाला पोचावी. जिथे बर्फाने वाट बंद होते, तिथे नजर आणि घंटा हाच निरोप्या.

६. भिंतीवरचे चित्र

आता आपण गाभाऱ्यात जाऊ. मधल्या अर्धगोलाच्या छतावर एक भव्य चित्र रंगवलेले होते. कुणी काढले? चिताऱ्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. म्हणून जाणकार त्याला नुसते ‘ताऊलचा उस्ताद’ असे म्हणतात. बिशपचे नाव खांबावर राहिले, संताचे राहिले. ज्याच्या हाताने देवळाची कीर्ती झाली, त्याचे नाव तेवढे गेले. कारागिरांचे बहुतेक असेच होते.

चित्रात मधोमध येशू ख्रिस्त बसला आहे. त्याच्याभोवती बदामी आकाराचे तेजोवलय आहे. उजवा हात आशीर्वादाला उचललेला. डाव्या हातात उघडे पुस्तक. पुस्तकावर मोठ्या अक्षरांत लॅटिन शब्द आहेत. जगाला उजेड देणारा तो मीच, असा त्यांचा अर्थ. ख्रिस्ताचे डोळे मोठे, नजर थेट समोर. कपड्याच्या चुण्या जणू ओळी आखल्याप्रमाणे. दोन्ही बाजूंना देवदूत आहेत. त्याखाली मेरीमाता आणि ख्रिस्ताचे शिष्य ओळीने उभे. मेरीच्या हातात एक वाडगा आहे आणि त्यातून किरण निघत आहेत.

गाभाऱ्याच्या कमानीवर आणखी एक लहान चित्र होते. ते मला सर्वांत जवळचे वाटते. ख्रिस्ती धर्मग्रंथात एक गोष्ट आहे. एक श्रीमंत माणूस रोज पंचपक्वान्ने खाई. त्याच्या दारात लाझारस नावाचा एक गरीब, आजारी माणूस पडलेला असे. अंगभर फोडे. ताटातले उष्टे तरी मिळेल, या आशेने तो बसे. श्रीमंताने त्याच्याकडे पाहिले नाही. कुत्रे मात्र येऊन त्याच्या जखमा चाटीत. चिताऱ्याने तेवढाच क्षण रंगवला आहे. दाराशी बसलेला भुकेला माणूस, आणि त्याची जखम चाटणारा कुत्रा.

ही चित्रे कुणासाठी होती? त्या काळी पुस्तके हाताने लिहीत. ती महाग असत आणि मठांत, बिशपांकडे, सरदारांकडेच असत. मेंढपाळाला लॅटिन कुठून वाचता येणार? त्याने भिंत वाचली. दाराशी कुणी उपाशी बसले असेल तर तोंड फिरवू नये, एवढे समजायला त्याला अक्षर लागले नाही. परंतु पुस्तकावरचे शब्द आणि खांबावरची ओळ त्याला दुसऱ्याकडून ऐकावी लागली. चित्र स्वतः बोलते, अक्षर मात्र शिकलेल्याशीच बोलते. म्हणून तर आपण हा वर्ग चालवतो.

७. ओल्या गिलाव्याची करामत

९०० वर्षे रंग टिकला कसा? भिंतीवर चुना आणि वाळूचा गिलावा देतात. तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावतात. चुना वाळताना हवेतला वायू ओढून घेतो आणि हळूहळू दगडासारखा होतो. त्याबरोबर रंगही त्यात धरला जातो. तो भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होतो.

पण यात घाई फार. गिलावा वाळण्याच्या आत काम उरकले पाहिजे. म्हणून जेवढे एका दमात रंगवता येईल तेवढाच भाग आधी लिंपायचा. नंतर काही बारीक रेघा कोरड्यावर काढल्या तरी चालते, पण त्या लवकर उडतात.

या चित्रातला निळा रंग प्रसिद्ध आहे. त्या काळी उत्तम निळा रंग फार दूरच्या देशांतून येई आणि सोन्याच्या मोलाने विकला जाई. इथल्या चिताऱ्यांनी पिरेनीजच्या डोंगरातच सापडणारे एक निळसर खनिज वापरले. त्याचे नाव एरिनाइट. ज्या डोंगरात देऊळ, त्याच डोंगराचा रंग.

८. चित्रे सापडली आणि बाजारही जागा झाला

काळ बदलला. आवडीनिवडी बदलल्या. गाभाऱ्यात लाकडी चित्रफलकांची मोठी मखर उभी राहिली आणि जुने चित्र तिच्या आड गेले. गावाबाहेर कुणाला त्याची आठवण राहिली नाही.

१९०७ साली बार्सिलोना शहरात कॅटलान अभ्यास संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी या संस्थेच्या अभ्यासकांची एक तुकडी डोंगरात शिरली. त्यांत पुच इ कादाफाल्क हे नामांकित वास्तुकार होते. त्यांनी देवळांची मापे घेतली, छायाचित्रे काढली, चित्रांच्या नकला करवल्या आणि पुस्तके छापली. जगाला कळले की या आडगावांत केवढा ठेवा आहे.

जगाला कळले, तसे व्यापाऱ्यांनाही कळले. जुन्या वस्तू विकत घेऊन परदेशी विकणाऱ्यांचे लक्ष इकडे गेले. मुर नावाच्या ठिकाणच्या देवळातले गाभाऱ्याचे चित्र १९१९ साली एका व्यापाऱ्यामार्फत विकले गेले. ते भिंतीवरून सोलून काढले आणि समुद्रापार गेले. १९२१ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरच्या संग्रहालयाने ते घेतले. आजही ते तिथेच आहे. अशी विक्री थांबवील असा कायद्याचा पुरेसा आधार त्या वेळी नव्हता.

तेव्हा बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळापुढे प्रश्न पडला. चित्रे जागेवर राहू दिली तर व्यापारी नेणार. मग आपणच काढून आणावीत का? मंडळाने ठरवले, होय. फोल्क इ तोरेस हे त्या कामात पुढाकार घेणारे. चर्चच्या अधिकाऱ्यांना मोबदला देऊन चित्रे घेतली आणि १९१९ ते १९२३ या काळात एकामागून एका देवळातली चित्रे उतरवली. त्यांत ताऊलचेही.

९. भिंतीवरून चित्र कसे उतरते

हे ऐकून नवल वाटेल. त्यासाठी इटलीहून स्तेफानोनी नावाचा जाणकार आणि त्याचे सहकारी आणले. त्यांची रीत अशी. आधी चित्रावर सरस लावायचा. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. त्यावर कापड चिकटवायचे. सरस वाळला की तो आकसतो आणि रंगाचा वरचा पापुद्रा घट्ट धरतो. मग कापड एका कडेपासून हलक्या हाताने ओढायचे. कापडाबरोबर रंगाची पातळ साल सुटून येते. चित्र आता कापडाला उलटे चिकटलेले. ते गुंडाळायचे.

गुंडाळ्या खेचरांच्या पाठीवर लादून डोंगर उतरवल्या आणि बार्सिलोनाला नेल्या. तिथे चित्राच्या पाठीला नवे कापड चिकटवले. मग पुढच्या बाजूचा सरस गरम पाण्याने सोडवला. पहिले कापड निघाले आणि चित्र सुलटे झाले. पण गाभारा तर गोल! म्हणून लाकडाचा गोल सांगाडा करून त्यावर चित्र ताणून बसवले. १९३४ साली बार्सिलोनाच्या मोंजुईक टेकडीवरच्या राजवाड्यात कलासंग्रहालय उघडले. तिथे ते आजही पाहायला मिळते. खांबावरची ती ओळही तिथेच आहे.

१०. गावाचे काय

वाचकहो, इथे थोडे थांबा. हे बरे झाले की वाईट?

एक बाजू अशी. चित्र वाचले. ते परदेशी विकले गेले नाही, तुकडे होऊन श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत लागले नाही. कॅटलोनियातच राहिले. हजारो लोकांनी पाहिले.

दुसरी बाजू अशी. ज्या गावाच्या पूर्वजांनी दगड वाहिले, ज्यांच्या डोंगरातून निळा रंग निघाला, त्यांच्या देवळाची भिंत उघडी पडली. चित्र भिंतीसाठी काढलेले होते. वर छताची गोलाई, समोर वेदी, खिडकीतून येणारा सकाळचा उजेड, हे सगळे मिळून ते चित्र होते. संग्रहालयात त्यातले रंग गेले, जागा गेली नाही. मोबदला घेताना सही करणारे थोडे, आणि दर रविवारी रिकामी भिंत पाहणारे सगळे.

शेजारच्या एरिल गावाची गोष्ट तर आणखी चटका लावणारी. त्या १९०७ च्या फेरीत तिथे बाराव्या शतकातल्या सात लाकडी मूर्ती सापडल्या. ख्रिस्ताला क्रुसावरून खाली उतरवतात, तो प्रसंग. पुढे त्यांची वाटणी झाली. पाच मूर्ती विक शहरच्या संग्रहालयात गेल्या. मेरीमाता आणि संत योहान, या दोन बार्सिलोनाला. मुलाचा देह एका शहरात आणि आई दुसऱ्या शहरात. एरिलच्या देवळात आता नकला उभ्या आहेत.

माझे मत विचाराल तर सांगतो. त्या वेळी घरच पेटले होते. पेटलेल्या घरातून वस्तू बाहेर काढणाऱ्याला दोष देता येत नाही. पण आग विझल्यावर घरच्या माणसांची विचारपूस करायची असते. ती फार उशिरा झाली.

११. आज काय आहे

१९६० च्या सुमारास गाभाऱ्यात चित्राची नक्कल रंगवली. गावाला निदान आकार परत मिळाला. २००० साली नोव्हेंबर महिन्यात युनेस्को या जागतिक संस्थेने बोई खोऱ्यातल्या नऊ देवळांना जागतिक वारशाचा मान दिला.

पुढे जाणकारांनी पुन्हा भिंत तपासली. मागे सांगितलेच की सरसाने वरची साल तेवढी निघते. नक्कल काढून टाकली तेव्हा मूळ चित्राचे राहिलेले अंश भिंतीवर दिसले. त्यांना न दुखवता २०१३ साली एक नवी युक्ती केली. देवळात अंधार करतात आणि यंत्रातून भिंतीवर उजेड टाकतात. त्या उजेडात आधी रेघा उमटतात, मग रंग भरतात आणि ११२३ सालचे सगळे चित्र त्याच्या मूळ जागी उभे राहते. थोड्या वेळाने दिवा बंद. पुन्हा जुनी भिंत, आणि तिच्यावरचे खरे डाग.

हे पाहायला दूरदूरचे लोक येतात. जवळच १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आहे, बर्फावर घसरण्याचे खेळ आहेत. एके काळी गुरांवर जगणारी गावे आता पाहुण्यांवरही जगतात. त्या पाहुण्यांना डोंगरावर आणण्यात या जुन्या दगडांचा वाटा मोठा आहे.

१२. आपण यातून काय घ्यावे

ताऊल आपल्यापासून फार दूर आहे. पण प्रश्न दूरचा नाही. आपल्या गावात जुने देऊळ असेल, मशीद असेल, चर्च असेल, वेशीवरची कमान किंवा विहिरीची घडीव पायरी असेल. तिथे एखाद्या दगडावर अक्षरे असतील. त्यांवर ऑइलपेंटचे थर चढू देऊ नका. जीर्णोद्धाराच्या वेळी असा दगड भरावात जाऊ देऊ नका. जुनी मूर्ती किंवा कोरीव खांब चांगल्या भावाने मागायला कुणी आले, तर गावसभेत विषय काढा. आज स्वतंत्र भारतात यासाठी कायदे आहेत. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरातन वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. पण कायदा दिल्लीत असतो आणि दगड गावात. राखण गावालाच करावी लागते.

आणि एक करा. आता तुम्हाला वाचता येते. त्या दगडाशी जा, धूळ हलकेच पुसा आणि जेवढे अक्षर लागेल तेवढे वाचा. न लागले तर वहीत जसेच्या तसे उतरवून घ्या आणि जाणत्याला दाखवा. ताऊलच्या खांबावर कुणीतरी चार ओळी लिहिल्या म्हणून ९०० वर्षांचा हिशेब लागला. तुमच्या गावचा हिशेब कदाचित तुम्हीच लावाल.

अभ्यास

१. संत क्लेमेंटचे देऊळ कोणत्या तारखेस अर्पण झाले? ते आपल्याला कशावरून कळते?
२. देवळाला दगडी छत न घालता लाकडी छप्पर का केले असावे? दोन कारणे लिहा.
३. ओल्या गिलाव्यावर रंग लावल्याने काय होते?
४. भिंतीवरचे चित्र कसे उतरवले, ते आपल्या शब्दांत क्रमाने सांगा.
५. वर्गात दोन गट करा. एका गटाने चित्र बार्सिलोनाला नेले ते योग्य झाले, असे बोलावे. दुसऱ्याने गावाची बाजू मांडावी. मग गट बदलून पुन्हा बोलावे.
६. आपल्या गावातल्या सर्वांत जुन्या इमारतीविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळी लिहून आणा. खाली तारीख घालायला विसरू नका.